डाव्या पायाची घाटी

सुधाकर, तुझ्या पायांचे दोन्ही अंगठे कुणीतरी जुन्या सवयीनं पांढऱ्या दोऱ्यानं एकत्र बांधले, तेव्हा शीला वहिनीनं पुढे होऊन गाठ नीट बसली की नाही ते पाहिलं. रडत होती, पण गाठ पाहिली. मग डाव्या पायाच्या चवड्यावर तिनं तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच दाबून धरला, उतू येणाऱ्या भांड्यावरचं झाकण धरावं तसा. अंगणात जमलेल्यांना वाटलं असेल, नवऱ्याच्या पायाला शेवटचा हात लावते आहे. ती काय पाहते आहे ते मला माहीत होतं. तो पाय खरंच थांबला का, ते.

मीही तेच पाहत होतो.

त्रिसरण झालं, पंचशील झालं, तुला नदीवर नेलं. मी मागून, पायाकडून खांदा दिला. वाटेनं तुझा डावा पाय माझ्या कानाशी होता आणि मी ऐकत होतो. काहीच नव्हतं. लोकांच्या चपला, वैनगंगेकडून येणारा वारा, पुलावरचे ट्रक. ते काहीच नसणं मला सोसलं नाही. मी खांदा बदलून दुसऱ्याला दिला.

तू माझ्याशी एक शब्द न बोलता गेलास. मेलेल्या माणसाची तक्रार करू नये म्हणतात. पण मी तक्रार करूनच इथवर आलो आहे. दुसऱ्याचे भोंगे सायकलला बांधून गावोगाव पोचवणारा पोरगा होतो मी. पुढे स्वतःची साऊंड घेतली, मग गाण्याची पार्टी काढली. मंडपवाल्यानं मंच वाकडा बांधला तर मी भांडलो, आयोजकानं माझ्या माणसांना जेवायला शेवटी बसवलं तर त्यांना ताटावरून उठवून आणलं. कुणाचं काही पोटात ठेवलं नाही. तुझ्यासाठीच वेगळा नियम का लावू? ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी बोलायचं, ही माझी रीत. तू तुझ्या बाजूनं ती मोडलीस. मी माझ्या बाजूनं मोडणार नाही.

तुला तो दिवस आठवत असेल. आपल्या खोलीवर रियाज होता आणि तू पोतं घेऊन आलास. तोवर तुझा ड्रम सगळ्यांसारखाच होता: उजव्या पायाखाली मोठा ड्रम, डाव्या पायाखाली हायहॅटच्या दोन थाळ्या. पोत्यातून तू एक जुनं पेडल काढलंस, सायकलच्या ब्रेकची वायर काढलीस, वाकवलेली लोखंडी पट्टी काढलीस आणि शेवटी शंकरपटावरून, बैलांच्या शर्यतीवरून, आणलेली पितळी घाटी, बैलाच्या गळ्यात बांधतात तसली. कारध्याच्या तुझ्या सायकल दुकानात हे सगळं तू केव्हा जोडलंस, कुणाला पत्ता नाही. हायहॅटच्या पेडलला लागून ते दुसरं पेडल बसवलंस, डावा पाय थोडा तिरका केलास. टाचेखाली थाळ्या, चवड्याखाली घाटी.

मी विचारलं, "दोन हात, दोन पाय कमी पडून राहिले का तुले?"

"हात दोन्ही होते भाऊ. पाय दीडच वापरून राहिलो होतो."

पुंडलिक ऑर्गन वाजवायचं सोडून हसला. मला राग आला, कारण तो विनोद चांगला होता. मग आपण घासाघीस केली. लग्नात घाटी चालेल. पोवाड्यात चालेल. विहाराच्या कार्यक्रमात अजिबात नाही. आणि आपली गायिका वंदना संथ गाणं म्हणत असेल तेव्हा तर पाय पेडलवर ठेवायचासुद्धा नाही. तू सगळ्याला हो म्हणालास, ताबडतोब. लवकर कबूल होणाऱ्या माणसाचा मला आजन्म संशय आहे.

साकोलीच्या पुढच्या एका गावात तू ती पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलीस. ताडपत्रीवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. मी नेहमीसारखा मंचाच्या कोपऱ्यात उभा राहून गर्दी पाहत होतो. माझं पोट गर्दीवर आहे, तिच्यात कुठं जरा पोकळी पडली तरी मला कळतं. तू चवडा दाबलास, घाटी वाजली. मागच्या लोकांनी माना वळवून मागे पाहिलं. मग मधल्या लोकांनी. आणि मग टाळ्या न थांबवता, एकमेकांशी न बोलता ती माणसं बसल्या जागी सरकली. पोरांचे पसरलेले पाय आयांनी ओढून घेतले. मागच्या टोकापासून थेट मंचापर्यंत, बैलबंडी जाईल एवढी वाट मोकळी झाली. तुझी घाटी थांबली आणि वाट भरून गेली.

कार्यक्रम आटोपल्यावर मी तुला सांगितलं. तू वायर गुंडाळत म्हणालास, "बैल आला म्हनून सरकले. सवय हाय लोकाइले."

"मग आला का बैल?"

"येते ना. तुले नाही दिसत. तू पुढच्या सुपारीकडे पाहून राहिला असते."

हे तू हसून म्हणालास. तरी त्यानंतर प्रत्येक गावात मी पाहिलं आणि प्रत्येक गावात ती वाट पडली. ज्या गावांत आता बैल उरले नाहीत, ट्रॅक्टरच आहेत, तिथंही. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये लग्न होतं, खुर्च्या मांडलेल्या. तिथं लोकांनी खुर्च्या सरकवल्या. मला ते आवडलं नाही. पण लोक आपल्याला 'घाटीवाली पार्टी' म्हणायला लागले, बोलावणी त्याच नावानं यायला लागली, आणि न आवडणाऱ्या गोष्टीचा फायदा होत असेल तर मी तिला नाही म्हणत नाही. तुला हे ठाऊक होतं. म्हणूनच तू हळूहळू ठरलेलं मोडायला लागलास. आधी वरातीतून कव्वालीत आणलीस, मग कव्वालीतून सगळ्या गाण्यांत.

आणि मग सानगडीचा कार्यक्रम.

वंदना आईवरचं गाणं म्हणत होती. पूर्ण संथ, ऑर्गनचा एक सूर आणि तिचा गळा, बाकी काही नाही. तू घाटी वाजवलीस. जोरात नाही, हे मी मान्य करतो. आवर्तनात एकदा, हलकेच. पण लोक सरकले. गाण्याच्या ऐन मध्यावर बाया पोरं उचलून बाजूला झाल्या, वाट उघडी पडली. वंदना त्या वाटेकडे पाहत राहिली आणि तिचे शब्द गेले. पंधरा वर्षं गाणाऱ्या बाईचे शब्द गेले, सुधाकर. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "मास्तर, बैल आवरा."

लोक हसले. तू काड्या ड्रमवर ठेवल्यास, वाकून वायर सोडवलीस, घाटीचं पेडल खांद्याला अडकवलंस आणि मंचाच्या पुढून खाली उतरलास. लोकांनी वाट केलेलीच होती. तिच्यातून तू चालत गेलास. प्रत्येक पावलाला घाटी वाजत होती आणि ती वाट तू पार मागे पोचेस्तोवर कुणी भरली नाही.

मी अजूनही म्हणतो, ती थट्टा होती. पुंडलिकला मी माईकवरून याहून वाईट बोललो आहे. तो दात काढतो. वंदनाला एक बोलावं तर ती दोन परत करते. पार्टी अशीच चालते. तू काही नवा नव्हतास. माझी जीभ तू पंचवीस वर्षं ऐकलीस आणि त्या एका दिवशी तुझे कान नाजूक झाले?

दोन पावसाळे तू बोलला नाहीस. मी माणसं पाठवली, तू त्यांना चहा पाजून परत पाठवलंस. एकदा मी स्वतः दुकानावर आलो, टायरमध्ये हवा भरायला. टायर टच्च होतं, ते तुलाही दिसत होतं. तू निमूट पंप लावलास, हवा भरलीस, हात पुसलेस आणि माझ्याकडे पाठ करून बसलास. वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, एक शब्द चुकला म्हना ना. जाते काय तुमचं?" मी म्हणालो, चुकला असता तर म्हटलं असतं. तू आत बसून ऐकत होतास. तुझी खुर्ची करकरली.

मग तुझी डावी बाजू गेल्याचं कळलं.

मी आलो तेव्हा तू लोखंडी खाटेवर होतास. मला पाहून तोंड भिंतीकडे वळवलंस. जीभ जड झाली होती, पण गेली नव्हती. माझ्यादेखत तू वहिनीकडे पाणी मागितलंस, पोरीचा फोन आला का विचारलंस. म्हणजे शब्द होते, मला द्यायचे नव्हते. मी तसाच बसून राहिलो. हट्ट मलाही येतो.

वहिनीनं तुला वर सरकवलं, पाय सरळ केले. डाव्या पायाचा चवडा खाटेच्या पायथ्याच्या लोखंडी दांडीला टेकला. आणि तो वाजायला लागला. टकटकटकटक. दांडी घुमायला लागली. बाकी तुझं अंग लाकडासारखं पडलेलं, तोंड भिंतीकडे, श्वास शांत. फक्त तो पाय. लग्नाच्या वरातीत तू शेवटाला जलद ठोक्यांचा जो रेला घ्यायचास तसा, पण त्याहून सफाईदार. माणूस वाजवतो तेव्हा कुठंतरी दम घेतो, कुठंतरी एक ठोका जरा हलका पडतो. यात तसं काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "सुधाकर, पार्टीत परत येते का तू?"

पाय चालू.

"येते ना?"

पाय चालू.

माझा धंदा तुला माहीत आहे. तोंडानं नाही नाही म्हणणारा आयोजक बोलता बोलता चहाच्या कपाला हात लावतो, तेव्हा सौदा झालेला असतो. मी भुवईवर सौदे केले आहेत, खाकरण्यावर केले आहेत. तिथं तर मला ठोक्यावर ठोका उत्तर मिळत होतं. तू बोलायचं नाही ठरवलं होतंस, आणि तुझा पाय बोलत होता. मला वाटलं, मानीपणा सांभाळून हो म्हणायची ही तुझी तऱ्हा. वहिनीनं वाकून तुझी बोटं खाली दाबली तेव्हा पाय थांबला. "दिवसभर असंच चालते," ती म्हणाली. मी ते असं ऐकलं की तू दिवसभर रियाज करतोस.

मी एकटा फसलो असं समजू नकोस. दुसऱ्या दिवशी पुंडलिकला घेऊन आलो. त्यानं डोळे मिटून ऐकलं, बोटानं मात्रा मोजल्या आणि त्याचा चेहरा उजळला. "लयीत हाय भाऊ. केसाचा फरक नाही. मास्तर बरे होऊन राहिले." वाजवणाऱ्या माणसांना एवढंच वैद्यक येतं: लय सुटली तर माणूस आजारी, लय पक्की तर माणूस बरा. वंदना आली, तिनं ऐकलं, ती तुझ्या उशाशी बसून रडली आणि हसली. त्या खोलीत कुणालाही असं वाटलं नाही की अर्धं अंग मेलेल्या माणसाची लय इतकी पक्की असणं हीच भिण्याची गोष्ट आहे.

विहाराचा वर्धापनदिन होता, दुपारचा कार्यक्रम. मी आयोजकांना सांगून टाकलं, आमचे मास्तर येतात. तुझ्या जागी घेतलेला नवा पोरगा हातानं ड्रम सांभाळेल, मास्तर खुर्चीवर बसून फक्त डाव्या पायानं घाटी वाजवतील. विहारात घाटी नाही, हे आपलं ठरलेलं मीच मोडलं, तुझ्यासाठी. तुझ्या बाजूनं काहीही न मागता मी एवढं दिलं होतं. वहिनीनं माझ्यासमोर तुला विचारलं, जायचं का? तू भिंतीकडे पाहत राहिलास. ना हो, ना नाही. आम्ही उचललं तेव्हा अंग टाकून दिलंस.

ती दुपार मी कुणालाही नीट सांगू शकलेलो नाही. तुलाच सांगतो, तू तिथं होतास की नव्हतास हे मला ठाऊक नाही म्हणून.

घरातल्या खिळ्यावरचं पेडल वहिनीनं काढून दिलं होतं. ते जोडलं. तुला खुर्चीत बसवून डावा चवडा त्यावर ठेवला. आम्ही सुरू करायच्या आधीच घाटी सुरू झाली. पुंडलिकनं घाईनं ती गती पकडली, नव्या पोरानं पकडली, वंदनानं पहिली ओळ घेतली. स्वच्छ ऊन होतं. पांढरी लुगडी, निळे झेंडे, पोरं, म्हातारे. मी पाहत होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत माना वळल्या, माणसं सरकली, वाट पडली. 'वा मास्तर,' कुणीतरी म्हणालं. माझी छाती भरून आली, हे लिहून ठेवतो.

गाणं संपलं. घाटी संपली नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, टाळ्या विरल्या, आणि नुसती घाटी राहिली. टाकीचा नळ कुणी उघडून विसरावा तशी. मी पुंडलिकला खूण केली, झाकायला दुसरं गाणं धर. त्यानं धरलं. वंदनाला ते सावकाश घ्यायचं होतं, घाटीची गती हलेना. शेवटी वंदनाच तिच्यामागे धावायला लागली, ओळींच्या मध्ये तिला श्वास पुरेना. वाट तशीच उघडी होती. आता कुणी तुझ्याकडे पाहत नव्हतं, गाणारीकडेही नाही. सगळे त्या वाटेच्या मागच्या टोकाकडे पाहत होते. वाटेच्या कडेला बसलेली एक म्हातारी पदर सावरून आणखी जरा मागे झाली, एखादं मोठं जनावर जवळून जाताना होतात तशी, आणि तिची मान मागून पुढे, हळूहळू मंचाकडे वळत आली. त्या वाटेत ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

मी तुझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याची एक बाजू गेलेली, दुसरी स्थिर. पण तुझे डोळे माझ्यावर होते. सानगडीनंतर पहिल्यांदा तू माझ्याकडे पाहत होतास. मी गर्दीकडे तोंड फिरवलं. कार्यक्रम माझा होता, कुणीतरी तो पाहायला हवा होता. दुसरं गाणंही संपून गेलं, त्यानंतर कितीतरी वेळानं वहिनीनं वाकून तुझ्या पायाची बोटं खाली दाबली.

पुढच्या आठवड्यात तुला तपासणीला नेलं तेव्हा मी बरोबर आलो. व्यायाम शिकवणारी मुलगी होती, वंदनाच्या पोरीएवढी. तिला मी फुशारकीनं सांगितलं की आमच्या मास्तरांनी दोन गाणी वाजवली. तिनं तुझी टाच एका हातात धरली, दुसऱ्या हातानं चवडा झटकन वर ढकलला. पाय वाजायला लागला. तिनं बोटं खाली केली, थांबला. पुन्हा ढकलला, पुन्हा वाजला. "काका, हे ते करत नाहीत," ती म्हणाली. "मेंदूचा लगाम सुटला की चवडा ताणल्यावर पाय आपोआप असा उडतो. त्यांनी ठरवलं तरी येणार नाही आणि ठरवलं तरी थांबणार नाही." मी तिच्यावर ओरडलो. लोक जमले. तिनं आवाज न चढवता तेच पुन्हा सांगितलं. तू खाटेवरून छताकडे पाहत होतास. त्याच महिन्यात तू गेलास.

मग मी सौदा कुणाशी केला, सुधाकर? एवढंच मला आता हवं आहे. बाकी काही मागणं उरलेलं नाही. त्या दुपारी तू माझ्याकडे परत आला होतास, की मी एका पायाला गाडीत घालून नेलं होतं? आला असशील तर आपला अबोला सुटला. नेलं असेन तर तो तसाच आहे, आणि आता तो सोडवायला एकच माणूस उरला आहे.

इकडचं सांगतो. आता ड्रमवर नवा पोरगा बसतो. हातानं चांगला आहे. घाटीचं पेडल मी वहिनीकडे परत पाठवलं, मंचावर आता ती नाही. तरी कुठलंही गाणं कुठल्याही गतीत सुरू करा, दुसऱ्या कडव्यापर्यंत ते सरकत सरकत त्याच गतीवर येतं. पुंडलिक म्हणतो, मी नाही ओढत. पोरगा म्हणतो, मी नाही ओढत. मी दोघांनाही शिव्या घातल्या. परवा वंदना मंचावरून उतरली, घामानं भिजलेली, आणि म्हणाली, "भाऊ, तो पाय अजून चालून राहिला." मी तिला गप्प केलं. आपण भूतबीत मानणारी माणसं नाही. आपल्या बापांनी देव्हारा उचलून बाहेर ठेवला, आत्मा नाही हे आपण विहारात बसून शिकलो. दुसऱ्या घरातलं कुणी असतं तर अंगारा लावून मोकळं झालं असतं. मला तर हे ठेवायला जागाच नाही. आणि लोक, सुधाकर, लोक अजून सरकतात. घाटी नसताना. जरासेच, वीतभर. दुसरा कुणी पाहणारही नाही. मी पाहतो.

काल मी कारध्याला गेलो. वहिनीपुढे मी थेट विचारलं, मेलेल्या माणसाच्या घरात बसून आडपडदा कशाला. तो माझ्याबद्दल काही बोलला होता का? या दोन पावसाळ्यांत, आजारपणात, कधीही?

ती म्हणाली, "मंचावर बोलले होते."

मला वाटलं ती माझी समजूत काढते. मी म्हणालो, मी समोर उभा होतो, तो बोलला नाही.

"तुमच्याशी नाही बोलले. माह्याशी बोलले. तुम्ही तिकडे तोंड करून उभे होते." पहिलं गाणं संपलं आणि पाय थांबेना, तेव्हा ती लगेच वाकली होती. रोज थांबवत होती, तिला किती वेळ लागणार. तिचा हात तुझ्या चवड्यावर पोचला, आणि तू तुझ्या चांगल्या हातानं, उजव्या हातानं, तिचं मनगट धरलंस.

मी माझ्या सवयीनं उलटतपासणी केली. दुखलं म्हणून धरलं असेल. ती म्हणाली, त्या पायाला दुखणं कळत नव्हतं. तोल गेला म्हणून धरलं असेल. ती म्हणाली, तोल जाणारा माणूस खुर्ची धरते. मग मी विचारलं, काय म्हणाला?

"म्हनले, राहू दे. त्याले ऐकू दे."

 मग विचारलं, कसं म्हणाला? रागानं? की चांगल्यानं?

शीला वहिनीनं खरंच आठवून पाहिलं, हे मी तिच्या तोंडावर पाहिलं. तिनं मान हलवली. तुझी जीभ जड होती, ओठ एका बाजूला गेलेले. पाणी मागितलंस तरी आणि पोरीला आशीर्वाद दिलास तरी आवाज एकाच पट्टीत निघायचा. "त्याइच्या बोलन्यात तेवढं राहिलंच नव्हतं, भाऊजी," ती म्हणाली. "शब्दच निंघत होते नुसते."

म्हणजे पाय तुझा नव्हता आणि तो वाजू देणं तुझं होतं. तू आला होतास. कशासाठी आला होतास, ते विचारायचं राहिलं, आणि तू सांगितलं असतंस असंही नाही.

मी अजून ऐकून राहिलो, सुधाकर.